गाडी मोठी, बैल लहान : कुटुंबासाठी मोटरबोट घेताना इंजिनाचा हिशेब



या सदरात एरवी कोलेस्टेरॉल, इन्शुरन्स, रिटायरमेंट असे विषय येतात. त्यात मोटरबोट कुठून आली, असं काहींना वाटेल. पण आपण मिनेसोटात राहतो. दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी असलेल्या राज्यात आठ-दहा उन्हाळे काढले, मुलं जरा मोठी झाली, की "आपणही एक बोट घेऊया का?" हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतोच. गणपतीच्या कार्यक्रमात प्रसादाच्या रांगेत तिघांनी मला वेगवेगळं गाठून एकच विचारलं, "किती हॉर्सपॉवरची घेऊ?" रांगेत उभं राहून सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं. संपादकांनी जागा दिली, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बोटींमधला तज्ज्ञ नाही. पण एकदा चुकीची बोट घेतली आणि ती चूक आईवडिलांना, मुलांना बरोबर घेऊन भोगली. त्यानंतर मात्र वही-पेन घेऊन बसलो. त्या वहीतलं जे इतरांच्या उपयोगी पडेल ते पुढे देतो आहे.

आमची पहिली बोट

२०२२ च्या एप्रिलमध्ये मी एक जुनी, २० फुटी पाँटून बोट घेतली. खाली ॲल्युमिनियमची दोन लांब नळकांडी, वर सपाट तक्तपोशी, सोफे, छत्री. अंगण तळ्यावर नेऊन ठेवावं तशी. मागे ४० हॉर्सपॉवरचं इंजिन. विकणारे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी फेरी मारून दाखवली, तेव्हा बोटीत ते आणि मी असे दोघेच होतो. बोट छान पळाली. किंमतही खिशाला परवडणारी होती, मी चेक लिहून दिला.

त्या वर्षी जूनमध्ये आई-बाबा रत्नागिरीहून आले. जुलैमध्ये मिल लॅक्स तळ्याकाठी केबिन घेतली, एक मित्रकुटुंबही बरोबर होतं. पाच मोठी माणसं, चार मुलं. बोटीवरच्या प्लेटवर दहा माणसांची परवानगी लिहिलेली होती, म्हणजे नियमात आम्ही बसत होतो. डबे, बर्फाची पेटी, टॉवेलच्या पिशव्या भरून निघालो. जाताना वारा पाठीशी होता. मुलं गाणी म्हणत होती.

मिल लॅक्स विस्ताराने प्रचंड आणि खोलीने उथळ आहे. सुमारे २०० चौरस मैलांचं पाणी, पण सर्वांत खोल जागा जेमतेम ४२ फूट. अशा तळ्यात वारा उठला की लाटा फार लवकर उभ्या राहतात, आणि त्या आखूड, एकामागोमाग आदळणाऱ्या असतात. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेला आभाळ काळं झालं. मी बोट वळवली आणि थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला. इंजिन ओरडायला लागलं, पण बोट काही वेग घेईना. जीपीएसवर ताशी सहा मैलांच्या आसपासचा आकडा दिसत होता. किनारा होता तिथेच. पुढच्या फाटकातून पाणी आत येऊ लागलं, तेव्हा पुढे बसलेल्या मुलांना मागे घेतलं. आईने लाइफ जॅकेट "गळ्याशी आवळतं" म्हणून काढून ठेवलं होतं. ते तिला घालायला लावताना माझ्या बायकोचे हात थरथरत होते, हे मला अजून दिसतं.

केबिनचा नाद सोडून मी सर्वांत जवळच्या किनाऱ्याची वाट धरली. एरवी वीस मिनिटांच्या त्या अंतराला एक तास लागला. एका अनोळखी आजोबांच्या धक्क्याला बोट बांधली आणि पाच मिनिटांत पाऊस कोसळला. कुणाला काही इजा झाली नाही. पण आई त्या मुक्कामात पुन्हा बोटीकडे फिरकली नाही.

बाबांचं लहानपण खाडीकाठच्या गावात गेलं. ते रात्री शांतपणे म्हणाले, "अरे, माणसं मावली हे खरं. पण गाडी मोठी नि तू बैल जुंपलायस गोऱ्हा. तो रिकामी गाडी ओढेल, भरलेली चढणीला कशी ओढेल?"

मला चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून जे सुचलं नाही, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. या लेखाचा मुद्दाही तेवढाच आहे. इंजिन किती लागेल हे बोट रिकामी असताना ठरत नाही. वर्षातला जो सर्वांत भरगच्च दिवस असेल, त्या दिवशी वाऱ्याविरुद्ध घरी परत यायला किती ताकद लागेल, यावर ते ठरतं.

प्लेट काय सांगते आणि काय सांगत नाही

अमेरिकेत २० फुटांहून लहान, एकसंध तळाच्या मोटरबोटीवर एक छोटी प्लेट असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यावर जास्तीत जास्त माणसं, जास्तीत जास्त वजन आणि आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन असेल तर जास्तीत जास्त हॉर्सपॉवर लिहिलेली असते. पाँटूनला हा कायदा लागू नाही, पण बहुतेक कंपन्या त्यांच्यावरही प्लेट लावतात.

हॉर्सपॉवरचा आकडा कोस्ट गार्डच्या सूत्रातून येतो आणि ते सूत्र अगदी सोपं आहे. बोटीची लांबी फुटांत, गुणिले मागच्या फळीची रुंदी फुटांत. हा गुणाकार साडेबावन्नहून जास्त असेल, स्टिअरिंग व्हील असेल आणि मागची फळी निदान २० इंच उंच असेल, तर गुणाकाराची दुप्पट करून त्यातून ९० वजा करायचे आणि उत्तर पुढच्या पाचच्या पटीत न्यायचं. उदाहरणार्थ, १८ फूट लांब आणि मागे ७ फूट रुंद बोट घ्या. १८ गुणिले ७ म्हणजे १२६. दुप्पट २५२, वजा ९० म्हणजे १६२. प्लेटवर १६५ येईल.

हा आकडा कमाल मर्यादेचा आहे. यापेक्षा मोठं इंजिन लावलं तर बोट वळणावर अस्थिर होऊ शकते, मागची फळी ताणाखाली येते आणि अपघात झाल्यास इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते. म्हणून मर्यादा ओलांडायचीच नाही. पण निदान किती हवं, हे प्लेट सांगत नाही. माझ्या पाँटूनच्या प्लेटवर ९० हॉर्सपॉवरपर्यंत परवानगी होती, आणि तिला लावलेलं इंजिन होतं ४०. बोट बुडण्याइतकी भरली नव्हती, पण ओढली जाण्याच्या दृष्टीने ती केव्हाच ओव्हरलोड झाली होती.

वजनाचा हिशेब

निदान किती, हे ठरवायला बोटवाल्यांमध्ये एक ढोबळ नियम चालतो. साध्या कौटुंबिक बोटीत दर हॉर्सपॉवरमागे २५ ते ४० पौंड वजन असावं. ४० च्या वर गेलात की बोट सुस्त होते. इथे वजन म्हणजे कॅटलॉगात छापलेलं रिकाम्या बोटीचं वजन नव्हे. सगळं धरायचं. पेट्रोल गॅलनला साधारण ६ पौंड, पाणी ८ पौंडांहून थोडं जास्त. बॅटरी, नांगर, दोर, बर्फाची पेटी, आणि अर्थातच माणसं.

माझ्या जुन्या पाँटूनचा हिशेब असा निघाला. बोट १,५०० पौंड, इंजिन २२०, पेट्रोल १००, बॅटरी-नांगर वगैरे १५०. एकूण १,९७०. चाचणीच्या दिवशी दोन माणसांचे ३२० मिळवले की २,२९०. भागिले ४०, म्हणजे हॉर्सपॉवरमागे ५७ पौंड. पाँटूनला हे कसंबसं चालून जातं, कारण ती शांतपणे तरंगत जाण्यासाठीच केलेली असते. मिल लॅक्सच्या दिवशी माणसांचे १,०८० आणि सामानाचे २०० मिळवले की एकूण ३,२५०. भागिले ४०, म्हणजे ८१. वर छत्री उघडी, तिच्यात समोरून वारा भरलेला. हे गणित मी आधी कागदावर मांडलं असतं, तर ती बोट घेतलीच नसती.

आता आमची सध्याची बोट घ्या. १८ फुटी, ॲल्युमिनियमची, इंग्रजी व्हीसारख्या तळाची. बोट १,६०० पौंड, इंजिन ३७०, पेट्रोल ३० गॅलनचे १८०, बॅटरी-नांगर १५०, चार मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून ७८०, खाणंपिणं आणि मुलांची ओढायची ट्यूब १५०. बेरीज ३,२३०. यात ७५ चं इंजिन लावलं तर हॉर्सपॉवरमागे ४३ पौंड, ९० चं लावलं तर ३६, ११५ चं लावलं तर २८. मी ११५ घेतलं. ९० नेही काम भागलं असतं, पण मुलांना ट्यूबवर ओढायचं असेल, किंवा एखादं पाहुणं माणूस वाढलं, तर हाताशी काही शिल्लक राहत नाही.

पाहुण्यांवरून आठवलं. "सरकून घ्या हो, एक जण बसेल" ही आपली सवय एसटीत आणि मिनीव्हॅनमध्ये ठीक आहे. बोटीत प्लेटवरचा आकडा हाच शेवटचा शब्द. खाडीवरचा चांगला तरीवाला माणसं मोजून घेत असे आणि उरलेल्यांना दुसऱ्या खेपेला थांबवत असे, असं बाबा सांगतात. आम्ही आता तेच करतो. दोन कुटुंबं आली तर दोन फेऱ्या.

जास्त ताकद म्हणजे तेवढाच जास्त वेग नव्हे

१८ फुटी बोट पाणी कापत ताशी साधारण साडेसहा मैलांपर्यंत सहज जाते. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते. नाक वर, शेपूट खाली, समोरचं काही दिसत नाही, आणि पेट्रोल भरमसाट जळतं. हा चढ पार केला की बोट पाण्यावर उठते आणि सपाट धावू लागते. इथे याला प्लेनिंग म्हणतात. खरी ताकद लागते ती हा चढ चढायला. लहान इंजिन पुष्कळदा नेमकं इथेच अडकतं.

एकदा पाण्यावर उठल्यावर मात्र वेग ताकदीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. ताकद दुप्पट केली तर वेग साधारण ४१ टक्केच वाढतो. ९० ऐवजी १५० चं इंजिन लावलं तर ताकद ६७ टक्के जास्त, वेग मात्र २९ टक्क्यांच्या आसपास जास्त. म्हणून शेजाऱ्याकडे दीडशेचं आहे म्हणून आपल्याला दोनशेचं हवं, या शर्यतीत पैसे वाया जातात. माझा स्वतःचा निष्कर्ष असा : हिशेबाने किमान आकडा काढा, प्लेटची कमाल पाहा, आणि या दोहोंच्या मधे, वजनाचं प्रमाण ३० च्या आसपास येईल असं इंजिन निवडा.

भरलेल्या बोटीची चाचणी

डीलरला स्पष्ट सांगा, की चाचणीला आम्ही घरची सगळी माणसं येणार. ते जमत नसेल तर पाण्याचे मोठे कॅन भरून बोटीत ठेवा. पाच गॅलनचा एक कॅन ४० पौंडांच्या वर जातो. मग तीन गोष्टी पाहा. थ्रॉटल पुढे केल्यावर बोट पाण्यावर उठायला किती सेकंद लागतात, त्या काळात समोरचं दिसतं का, आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात.

फेऱ्यांची कक्षा इंजिनाच्या पुस्तकात दिलेली असते. बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डना ती ५,००० ते ६,००० असते. भरलेली बोट त्या कक्षेच्या खालच्या टोकालाही पोहोचत नसेल, तर इंजिन गुदमरतं आहे असं समजा. दरवेळी इंजिनच लहान असतं असंही नाही. कधी पंखा चुकीचा असतो. पंख्याच्या पात्यांचा पीच इंचांत मोजतात. सायकलच्या गिअरसारखं समजा : पीच कमी म्हणजे चढणीचा गिअर. एक इंच पीच कमी केला की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. इंजिन बदलण्यापेक्षा पंखा बदलणं कितीतरी स्वस्त पडतं, म्हणून आधी ते करून पाहावं.

पैशाचं गणित

लहान इंजिन घेऊन आज पैसे वाचवू, पुढे बदलू, हा विचार महागात पडतो. नवं इंजिन, ते बसवण्याची मजुरी, कंट्रोल, पंखा असा सगळा खर्च नव्याने येतो आणि जुनं इंजिन निम्म्या भावात जातं. मी तर पाँटून तोट्यात विकूनच मोकळा झालो.

पेट्रोलची भीती मात्र बाळगू नका. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन तासाला हॉर्सपॉवरच्या दहाव्या भागाइतके गॅलन पितं, म्हणजे ११५ चं साधारण साडेअकरा गॅलन. पण असं कुणी दिवसभर चालवत नाही. आरामाच्या वेगात खर्च निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. उलट लहान इंजिन सतत पूर्ण दाबून चालवावं लागतं, त्यामुळे पेट्रोलात फारशी बचत होत नाही आणि झीज लवकर होते.

कर्जाचा हप्ता पाहताना मुदतीकडे लक्ष द्या. समजा २०,००० डॉलरचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं. दहा वर्षांसाठी हप्ता २४८ डॉलर, एकूण व्याज सुमारे ९,७६०. पंधरा वर्षांसाठी हप्ता १९७ डॉलर दिसतो, पण व्याज जातं १५,४५० च्या घरात. महिन्याचे ५१ डॉलर वाचवण्यासाठी साडेपाच हजारांहून जास्त मोजायचे, आणि तेही दरवर्षी किंमत घटणाऱ्या वस्तूवर. मुलांच्या ५२९ खात्यात ठरलेली रक्कम जाऊन उरलेल्या पैशांत बोट बसत नसेल, तर अजून दोन उन्हाळे भाड्याची बोट घ्यावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

"बोटीच्या व्याजावर टॅक्सात सूट मिळते" असंही कानावर येतं. ती सूट दुसरं घर म्हणून मिळते, आणि त्यासाठी बोटीत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असावी लागते. आपल्या १८-२० फुटी बोटींना तो नियम सहसा लागू होत नाही.

इन्शुरन्स वेगळा घ्या. घराच्या पॉलिसीत बोटीला मिळणारं संरक्षण अगदी तुटपुंजं असतं, आणि मोठ्या इंजिनाच्या बोटीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते पुष्कळदा वगळलेलं असतं. शिवाय ओढण्याचा प्रश्न आहेच. आपल्यापैकी अनेकांकडे ओडिसी किंवा सिएना आहे. योग्य ते सामान बसवल्यावर त्यांची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड. आमची बोट माणसांशिवाय २,३०० आणि ट्रेलर ८०० धरला, तर ३,१०० होतात. थोडक्यात बसतं. याहून मोठी बोट घेतली तर नवी गाडीही घ्यावी लागेल, तो खर्च बोटीच्याच खात्यात धरा. थंडीपूर्वी इंजिनातलं पाणी काढणं, तेल बदलणं, पेट्रोलात स्टॅबिलायझर घालणं आणि सहा महिने बोट ठेवायची जागा, हेही दरवर्षीचं आहे.

जीव मोलाचा

कोस्ट गार्डच्या २०२३ च्या अहवालानुसार त्या वर्षी अमेरिकेत बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. मृत्यूचं कारण माहीत असलेल्यांपैकी ७५ टक्के बुडून गेली, आणि बुडालेल्यांपैकी ज्यांची माहिती मिळाली त्यातल्या ८७ टक्के लोकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. आपल्याकडून येणाऱ्या आजी-आजोबांपैकी अनेकांना पोहता येत नाही. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत जॅकेट घालणं सक्तीचं आहे. आमच्या बोटीत तो नियम सगळ्यांना आहे. आई-बाबांसाठी त्यांच्या मापाची जॅकेटं दुकानात नेऊन, घालून पाहून घ्या. आवळणारं जॅकेट माणूस काढून ठेवतोच.

आणखी तीन गोष्टी. २६ फुटांहून लहान बोटींना १ एप्रिल २०२१ पासून फेडरल नियम लागू झाला आहे : इंजिन बंद करणारी दोरी जिथे बसवलेली आहे, तिथे बोट वेगात असताना चालवणाऱ्याने ती अंगाला अडकवलीच पाहिजे. चालवणारा पाण्यात पडला तर बोट थांबते. दुसरं, इंजिन चालू असताना मुलांना मागच्या फळीवर बसू देऊ नका. पंखा तर आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो आणि त्याला वास नसतो. तिसरं, मिनेसोटात बोट चालवण्याचा परवाना १ जुलै २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा होतो आहे. १ जुलै २०२८ पासून ३० जून १९८७ नंतर जन्मलेल्या सर्वांना तो लागेल. मी कोर्स आधीच करून टाकला. घरबसल्या होतो आणि त्यातून मला वाऱ्याबद्दल जे कळलं, ते २०२२ मध्ये माहीत हवं होतं.

शेवटी

२०२४ च्या उन्हाळ्यात आई-बाबा पुन्हा आले. बोट दाखवली, तेव्हा बाबांनी आधी मागे जाऊन इंजिन पाहिलं, मग प्लेट वाचली, मग माणसं मोजली. आम्ही सहाच होतो. आई दोन दिवस धक्क्यावर खुर्ची टाकून बसली. तिसऱ्या दिवशी स्वतःचं जॅकेट स्वतःच घालून आली आणि म्हणाली, "वारा नाही ना रे आज?" वारा थोडा होता. मी तिला तसं खरं सांगितलं. ती आली. परत येताना वारा समोरून होता आणि बोट वीस मिनिटांत धक्क्याला लागली.

तुम्ही बोट पाहायला जाल तेव्हा आपल्या घरच्या माणसांची वजनं लिहिलेला कागद खिशात ठेवा. विकणारा हसेल, हसू द्या. माझ्या हिशेबाची कोरी प्रत हवी असेल तर दिवाळीच्या कार्यक्रमात भेटा, मी आणून ठेवेन. चूकभूल द्यावी घ्यावी.